मूळव्याधीतला डावा हात

— नाही, नाही, असं कण्हायचं नाही ललिताबाई. कण्हणं म्हणजे ओव्हरॲक्टिंग. खरा पेशंट डॉक्टरसमोर कण्हत नाही, तो घरी कण्हतो. इथे आला की शर्टाची बटणं नीट लावून बसतो आणि म्हणतो, तसं बरं आहे. तुम्हीपण तेच म्हणायचं — तसं बरं आहे हो, पण — आणि त्या 'पण'वर थांबायचं. पुढचं त्यांनी काढून घ्यायचं, शिकायला तेच आलेत ना? बघू, कोणता आजार दिलाय तुम्हाला? पित्ताशयातले खडे! वा, पहिल्याच दिवशी खडे म्हणजे नशीब काढलंत, मला पहिल्या दिवशी साधा ताप दिला होता, तोही एकच दिवस आलेला. पित्ताशय कुठे असतं माहिती आहे ना? — अहो, डावीकडे नाही. उजवीकडे, बरगडीखाली. हां, तिथे. हात ठेवायचा तर तिथेच ठेवा, नाहीतर आत वर्गभर डॉक्टर बसलेत, हसतील. बसा, अजून वेळ आहे. हिंजवडीची बस आल्याशिवाय आत काही सुरू होत नाही, आणि हिंजवडीची बस वेळेवर आली तर त्या दिवशी पेपरात बातमी येईल.

मी? मी दीनानाथ खळदकर. बिबवेवाडीत असतो. टेलिफोन खात्यात होतो. जन्मभर लोकांच्या घरात तारा ओढल्या, आणि रिटायर होईपर्यंत लोक खिशात फोन घालून फिरायला लागले, म्हणजे माझ्या कामाचं कौतुक करायला तारसुद्धा शिल्लक राहिली नाही. गेलं वर्षभर इथला पेशंट मीच. खोटा. तुमच्यासारखाच. खात्याच्या नाटकांतून कामं करायचो ना मी, त्यावरून कोणीतरी माझं नाव सुचवलं. नाटकात काय करायचो? — नोकर. पडदा वर गेला की फडक्याने टेबल पुसायचं आणि 'साहेब, बाहेर कोणी आलंय' म्हणून आत जायचं. तीन अंकांचं नाटक असो नाहीतर एकांकिका, माझं टेबल ठरलेलं. आणि इथे? इथे सगळ्यांच्या मध्ये खुर्ची, खुर्चीत मी, आणि समोर सगळे पेनं उघडून माझ्या तोंडाकडे बघताहेत. हसू नका. तुम्हालाही कळेल आत गेल्यावर.

तर हा वर्ग कशाचा, ते कोणी सांगितलं का तुम्हाला? नाही सांगणार. बाहेर पाटी बघितलीत? बायोमेडिकल इन्फर्मेटिक्स. नाव इतकं लांब की रंगवणाऱ्याला जागा पुरली नाही, शेवटचा 'क्स' त्याने खाली लिहिलाय. मी आपला माझ्यापुरता अर्थ लावलाय — पेशंट जे बोलतो ते कॉम्प्युटरात कसं भरायचं, आणि असं हजारो पेशंटांचं भरलं की त्यातून एखाद्या रोगाचा माग कसा काढायचा, ह्याचा अभ्यास. आता पेशंट कळतो डॉक्टरला आणि कॉम्प्युटर कळतो इंजिनिअरला, म्हणून दर शनिवारी दोघांना एका खोलीत बसवतात. अर्धे ह्या हॉस्पिटलातले डॉक्टर, अर्धे हिंजवडीच्या कंपनीतली मुलं. एकमेकांकडून शिका, मिळून संशोधन करा. आणि ते कसे बसायचे माहिती आहे? डॉक्टर खिडकीच्या बाजूला, कॉम्प्युटरवाले भिंतीच्या बाजूला, मधली रांग रिकामी. लग्नात मुलीकडचे-मुलाकडचे बसतात ना, तसे — आणि लग्न मोडल्यावर बसतील तसे.

डॉक्टरांच्या बाजूचे मुख्य डॉक्टर कादर बागवान. पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातले, बोलणं अस्सल इथलं. अपमान करतील तोही 'आपण' म्हणून. एकदा एक मुलगा उशिरा आला, तर म्हणाले, "यावं, आपल्याविना रोग थांबून राहिलेत." आणि कॉम्प्युटरच्या बाजूची मुख्य नम्रता वानखडे. अमरावतीकडची पोर, एवढीशी, पण कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बोलायची अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, आणि संतापली की पूर्ण वऱ्हाडी. तिचा प्रोग्राम असा की पेशंट बोलला की पडद्यावरच्या चौकटींवर खुणा करायच्या. ताप — हो, नाही. उलटी — हो, नाही. दुखतंय — कुठे, किती दिवस. सुटसुटीत. आणि मी बसलो खुर्चीत, मला दिलेला होता कसलासा पोटाचा आजार, आणि मी आपला कागदावरचं सोडून सहज म्हणालो, "दोन दिवस झाले, कसंसं होतंय."

झालं. खिडकीकडच्या सगळ्या डॉक्टरांनी माना डोलावल्या. भिंतीकडचे सगळे थांबले. नम्रता म्हणाली, "काका, कसंसं म्हणजे कसं?" मी म्हटलं, "कसंसं म्हणजे कसंसंच." "म्हणजे मळमळतंय?" मळमळत नाही. "चक्कर?" चक्कर नाही. "मग दुखतंय का?" अहो, दुखलं असतं तर दुखतंय म्हणालो नसतो का? ती डॉक्टरांकडे वळली — "सर, ह्याला चौकट नाही." डॉक्टर म्हणाले, "मिस वानखडे, पेशंट म्हणजे बँकेचं यंत्र नव्हे, बटण दाबलं आणि उत्तर बाहेर आलं. हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही, मराठी आलं तरी पुरतं." आता असं बोलायचं असतं का? अमरावतीच्या पोरीला? ती उभी राहिली. "काऊन सर? आमच्याकडे काय लोकं मराठी बोलत नाही का? आमच्याकडे पेशंट म्हणते, 'कसंतरी होऊन राहिलं.' आता तुम्ही सांगा, तुमचं कसंसं अन् आमचं कसंतरी, एकच का वेगळं? एक असेल तर एका चौकटीत टाकते, वेगळं असेल तर दोन करते. सांगा!"

आणि बागवान डॉक्टरांना सांगता येईना! मी प्रत्यक्ष बघितलं ना, चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेवटी म्हणाले, "मला माहीत नाही." पुण्यात, भर वर्गात, 'मला माहीत नाही' — ललिताबाई, मी ह्या शहरात जन्मलो, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मग म्हणाले, "गुरुवारी माझ्या ओपीडीत येऊन बसता का? पेशंटांनाच विचारू." तीसुद्धा कमी नाही, म्हणाली, "येते. मग तुम्ही आमच्याकडे हिंजवडीला यायचं. माझा प्रोग्राम नुसता नावं ठेवायला नाही बघायचा, आतून बघायचा."

गेली ती. आणि त्या ओपीडीत मुळशीकडची एक म्हातारी आली, काय होतंय म्हटल्यावर म्हणाली, "डोकं हाय का नाय त्येच कळंना." डॉक्टर नम्रताला म्हणाले, "घाला चौकटीत." ती म्हणाली, "चौकटच मोडते, सर." हे मला तिथल्या सिस्टरने सांगितलं, मी काही ऐकायला गेलो नव्हतो — म्हणजे गेलो होतो, पण दाराबाहेर होतो. आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टर निघाले हिंजवडीला. कंपनीच्या बसमधून. शेतं संपली, चकाचक काचेच्या इमारती लागल्या, आणि सगळीकडून बसच बस. डॉक्टर दुपारपर्यंत पोचले आणि संध्याकाळी परत आले ते गळ्यात कंपनीचा पाहुण्याचा पट्टा तसाच अडकवून. दुसऱ्या दिवशी ओपीडीतले पेशंट विचारताहेत, "डॉक्टर, नोकरी बदललीत का?" पण शिकून आले हो. वर्गात स्वतः फळ्याशी उभं राहून सांगितलं, की आपण घाईघाईत एका गोष्टीला चार ठिकाणी चार नावं लिहून ठेवतो आणि मग कॉम्प्युटरला ते चार वेगळे आजार वाटतात, चूक आपली आहे. डॉक्टर, फळ्याशी उभे, आणि म्हणताहेत चूक आपली! आणि तिने काय केलं, तर सगळ्या चौकटींच्या आधी एक मोकळी जागा ठेवली. पेशंट बोलेल ते, त्याच्याच शब्दांत, जसंच्या तसं आधी टाइप करायचं. कसंसं तर कसंसं, कसंतरी तर कसंतरी. खुणा नंतर. त्यानंतर मधली रांग भरायला लागली. एका डॉक्टरला मी भिंतीकडच्या मुलाच्या डब्यातलं खाताना बघितलं, तेव्हा म्हटलं, जमलं.

आता मजा ऐका. — नाही, ही मजा नाही म्हणायची. तुम्ही ठरवा. आपली ही खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बहुतेक वेळा स्ट्रेचरसाठी अडकलेली, म्हणून मी आपला जिन्याने यायचो. तर एका शनिवारी मला दिला होता मूतखडा. सगळं व्यवस्थित सांगितलं, पाठीतून कळ येते, खाली उतरते, आणि शेवटी मी म्हणालो, "आणि हा डावा हात जरा जड वाटतो." कागदावर नव्हतं. डॉक्टर वर्ग संपल्यावर म्हणाले, "दीनानाथराव, लेखकाने लिहिलेलं बोलत जा, पदरचं घालू नका." मी हसलो. पुढे एकदा टायफॉइड होता, तेव्हाही आलं तोंडातून, डावा हात जड. डॉक्टर नुसतं "दीनानाथराव" म्हणाले. आणि मग दिली मला मूळव्याध.

मूळव्याधीचं काम सोपं नाही, सांगून ठेवतो. बसायचं कसं, इथपासून अभिनय. मी खुर्चीच्या कडेवर टेकलो, चेहरा केला, पुढच्या रांगेतल्या मुली हसायला लागल्या, काम रंगात आलं — आणि मी म्हणालो, "हात पण जड वाटतो हो. डावा." सगळा वर्ग खो-खो हसला. मूळव्याधीत डावा हात! बागवान डॉक्टरसुद्धा हसले, म्हणाले, "आपण फार लांबचा प्रवास घडवलात रोगाला." आणि नम्रता हसली नाही. तिचं टायपिंग थांबलं. म्हणाली, "सर, हे मी तिसऱ्यांदा टाइप करून राहिली. डावा हात जड. मूतखड्यात तेच, टायफॉइडमध्ये तेच, आत्ताही तेच." डॉक्टर म्हणाले, "ते नाटकातले आहेत, मिस वानखडे, त्यांना भूमिका वाढवायची हौस आहे." ती म्हणाली, "हौस असती तर दर वेळी नवीन काही सांगितलं असतं. सर, रोग दर वेळी दुसरा, अन् हात तोच! हे रोगाचं नाही, हे काकांचं आहे. मला त्याचा अर्थ नाही माहीत. तो तुम्ही सांगा."

हसणं थांबलं, ललिताबाई. डॉक्टर माझ्यापाशी आले, खुर्ची ओढून अगदी समोर बसले आणि म्हणाले, "दीनानाथराव, आता नाटक बंद. जिने चढून आलात?" हो म्हटलं. "मध्ये थांबलात?" मी — आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू — मी थांबायचो. प्रत्येक मजल्यावर. चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्ताने. चपलेला काही झालेलं नव्हतं. "थांबल्यावर हात हलका होतो?" होतो. डॉक्टरांनी मला उठूच दिलं नाही, व्हीलचेअर मागवली, आणि ज्या खुर्चीत मी मूळव्याध करत होतो तिथून माझी मिरवणूक निघाली, मागे अर्धा वर्ग. कार्डिओग्राम काढला, तर तो अगदी स्वच्छ. काही नाही. नम्रताचा चेहरा पडला, म्हणाली, "सॉरी सर, मी उगीच सगळ्यांना घाबरवलं." आणि बागवान डॉक्टर काय म्हणाले? म्हणाले, "ह्या कार्डिओग्रामच्या पट्टीचं राहू द्या. ही काढली तेव्हा हे झोपलेले होते, हात जड होतो तो चालताना. माणूस तीनदा सांगतोय ते खरं." म्हणजे बघा, आता पेशंटच्या शब्दावर डॉक्टर अडून बसलेले आणि कॉम्प्युटरवाली पोर शंका काढतेय! मग त्या पळत्या पट्ट्यावर चालवलं मला, सगळ्यांच्या देखरेखीखाली, आणि थोडं चाललो नाही तो हात जड, आणि समोरचा आलेख असा खाली बसला की डॉक्टरांनी झटकन मशीन बंद केलं. पुढचं काय, नेहमीचं. हृदयाच्या एका मोठ्या नळीत अडथळा, स्प्रिंग बसवली. नम्रता बाहेर रडत होती म्हणे, आणि बागवान डॉक्टर तिला कँटीनमधला चहा आणून देत होते, आणि त्या चहाबद्दल काहीतरी वाकडं बोलत होते.

मला आधी कळलं होतं का? — कसली संशयी नजर हो तुमची, शोभता पेशंट म्हणून. नव्हतं कळलं. म्हणजे काहीतरी आहे एवढं कळत होतं. काय आहे, ते कोणी सांगू नये असंही वाटत होतं. घरी सांगितलं नाही. घरी सांगितलं की ते खरं होतं ना! इथे कसं, सगळंच खोटं. खोट्याच्या पोटात एक खरं वाक्य ढकललं तर काय बिघडतं? कोणी पकडलं नाही तर सुटलो आणि पकडलं तर — तर त्यांनी पकडलंच. दुर्गा विचारायची, आमची ही, "जिना चढून आल्यावर तोंड असं का दिसतं हो?" मी म्हणायचो, ऊन. पावसाळ्यातसुद्धा ऊन.

हॉस्पिटलात तिला सगळं कळलं. कसं पकडलं, कोणी पकडलं, मूतखडा, टायफॉइड, सगळं. सांगणारे उत्साहाने सांगत होते, त्यांना काय माहीत. ती स्टुलावर बसून मोसंबं सोलत होती. सगळे गेल्यावर म्हणाली, "एवढ्या परक्या लोकांना सांगितलंत, आणि मला नाही." मी काहीतरी विनोद करायला गेलो. तर म्हणाली, "मलाही एक रोग देऊन बसवा तुमच्यासमोर. मग तरी बोलाल." आणि मोसंब्याच्या फोडी बशीत नीट लावून ठेवल्या. त्या दिवसापासून घरात भांडण नाही, आदळआपट नाही, काही नाही — मला 'आपण' म्हणायला लागलीय. "आपण चहा घेणार?" "आपली गोळी टेबलावर ठेवलीय." अहो, ह्या शहरात बाई नवऱ्याला 'आपण' म्हणायला लागली म्हणजे काय, तुम्हाला मी सांगायला हवं का? भांडली असती तर बरं.

आणि इथून तर मी बादच. बागवान डॉक्टर म्हणाले, "आता आपल्याला खोटा पेशंट म्हणून बसवता येत नाही, दीनानाथराव. आपण खरे झालात." बरोबर आहे त्यांचं. मुलांनी नाडी धरायची मूतखड्यासाठी आणि सापडायचं भलतंच. म्हणून तुम्हाला — नाही, तुम्हाला शिकवायला मला त्यांनी पाठवलेलं नाही. कोणीच पाठवलेलं नाही. मीच आलो. लिफ्टने आलो, घाबरू नका. — ही? ही भाजीची पिशवी. रिकामीच आहे. घरी मेथी आणायला जातो म्हणून सांगितलंय. म्हटलं, नवीन बाई येणार आहेत, त्यांना दोन गोष्टी सांगाव्या, कण्हू नका वगैरे —

आणि सांगितलं काय? हे सगळं. चपलेचं सांगितलं. चपलेचं मी डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही, नुसतं थांबतो म्हणालो होतो. ते उन्हाचं खोटं मान्य करावं एवढंसुद्धा मी घरी — आणि तुम्ही कोण? आत्ता तासाभरापूर्वी आपली ओळखसुद्धा नव्हती. काय माणूस आहे मी! आता ह्या बाकावर बसून परत परक्या बाईला —

बघा, बस आली वाटतं, जिन्यात आवाज येताहेत. हो, तीच नम्रता. — अगं, काही नाही, सहज आलो होतो. तब्येत उत्तम. ह्या ललिताबाई, तुझ्या नवीन पेशंट, सांभाळून घे. — नाही, मी आत नाही येत. नको. बसतो जरा इथे, एक फोन करायचाय. — उठा ललिताबाई, बोलावताहेत तुम्हाला. खडे उजवीकडे. कागद घेतलात? थांबा — वाजतोय — रिंग जातेय —

हॅलो. दुर्गा? मी बोलतोय. मंडईत नाहीये मी. … हो, बरोबर ओळखलंस, तिथेच. … नाही, त्यांनी नाही बोलावलं. तुला काही सांगायचंय, बरंच आहे, घरी येऊन सांगतो म्हटलं तर रिक्षात परत गिळून टाकीन, म्हणून आत्ताच — एक मिनिट हं. … ललिताबाई, उभ्या काय राहिलात? जा ना आत. आणि दार लावून घ्या.